४० नॅनोमीटरच्या खाली प्लॅस्टिकचं वागणं का बदलतं?

ढोलेऱ्याच्या चिप-कारखान्याची बातमी आल्यापासून ‘नॅनोमीटर’ हा शब्द व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवरही फिरू लागलाय. २८ नॅनोमीटरची चिप, ३ नॅनोमीटरची चिप. या बातम्यांत सिलिकॉनचं नाव येतं, सरकारी अनुदानाचं तर येतंच. प्लॅस्टिकचं मात्र कुठेच येत नाही. खरं तर चिपवरची प्रत्येक बारीक रेघ आधी प्लॅस्टिकच्या एका अतिपातळ थरात कोरली जाते आणि मगच सिलिकॉनमध्ये उतरते. तो थर इतका पातळ असतो, की तिथलं प्लॅस्टिक आपल्या ओळखीच्या प्लॅस्टिकसारखं वागेलच याची खात्री देता येत नाही. ज्या तापमानाला ते कडक असायला हवं त्या तापमानाला ते सैल पडू शकतं. कधी नेमकं उलटंही होतं.

यावर शास्त्रज्ञांची तीस वर्षांहून अधिक काळ भांडणं चालू आहेत. त्यातून काय निष्पन्न झालं, हे समजायला भौतिकशास्त्राची पदवी लागत नाही. एवढंच लक्षात असू द्या, की नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. डोक्यावरचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो.

साखळीसारखा रेणू

पाण्याचा रेणू तीन अणूंचा. प्लॅस्टिकचा रेणू म्हणजे एकाच प्रकारची कडी हजारो वेळा जोडून झालेली लांब साखळी. अशा साखळीला पॉलिमर म्हणतात. १९२० साली हेर्मान श्टाउडिंगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली, तेव्हा त्याच्याच क्षेत्रातल्या लोकांनी ती उडवून लावली होती. एवढे मोठे रेणू असूच शकत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. १९५३ मध्ये त्याला नोबेल मिळालं.

या लेखातलं मुख्य पात्र आपल्या घरातलंच आहे. गणपतीच्या मखरासाठी आपण वर्षानुवर्षं थर्माकोल आणत होतो. २०१८ मध्ये महाराष्ट्रात त्यावर बंदी आली. हा थर्माकोल म्हणजे हवेने फुगवलेलं पॉलिस्टायरीन. फुगवलं नाही तर तेच पॉलिस्टायरीन जुन्या सीडीच्या पारदर्शक डबीसारखं कडक आणि ठिसूळ असतं, बोटाने दाबलं की ‘कट्’ आवाज करून तडकणारं. या विषयातले बहुतेक गाजलेले प्रयोग याच पदार्थावर झाले आहेत.

पॉलिस्टायरीनची एक मध्यम लांबीची साखळी घेऊ, साडेनऊशे कड्यांची. ताणून सरळ केली तर ती सुमारे २४० नॅनोमीटर भरेल. पण सरळ राहणं तिच्या स्वभावात नाही. वेडीवाकडी वळून ती सतरा-अठरा नॅनोमीटरच्या गुंतवळ्यात मावते आणि त्याच जागेत शेजारच्या अनेक साखळ्याही शिरलेल्या असतात. हा १७-१८ चा आकडा पुढे लागणार आहे.

आता गावच्या जत्रेतली गर्दी आठवा. पोरं हरवू नयेत म्हणून घरोघरची माणसं हाताला हात धरून चालतात. अख्खं मैदान अशाच साखळ्यांनी भरलंय, सुटा माणूस एकही नाही, आणि साखळ्या एकमेकींच्या मधून गेल्या आहेत. पॉलिमरच्या पोटात असंच असतं. फरक एवढाच, की तिथे उष्णतेमुळे प्रत्येक जण सतत चुळबुळत असतो.

वितळणं वेगळं, सैल पडणं वेगळं

पाण्याच्या पातळ बाटलीत कुणी उकळतं पाणी ओतलं, तर काय होतं हे बहुतेकांनी पाहिलंय. बाटली वितळत नाही. ती मऊ पडते, आक्रसते आणि बुडाशी वाकडी होऊन बसते. ही बाटली ज्या पीईटी प्लॅस्टिकची असते, ते सत्तर-पंच्याहत्तर अंश सेल्सिअसच्या आसपास सैल पडू लागतं. पॉलिस्टायरीनचा हा आकडा सुमारे १०० अंश आहे. ज्या तापमानाखाली पॉलिमर काचेसारखा कडक होतो आणि ज्याच्यावर रबरासारखा सैल पडतो, त्याला ग्लास ट्रान्झिशन तापमान म्हणतात. पुढे मी त्याला नुसतं ‘काचतापमान’ म्हणेन.

बर्फ होताना पाण्याचे रेणू शिस्तीत रांगा लावतात. काचतापमानाला असं काहीच घडत नाही. रेणूंची मांडणी आधी अस्ताव्यस्त होती, नंतरही तशीच राहते. बदलतो तो हालचालीचा वेग, आणि तोही भयंकर बदलतो. पॉलिस्टायरीनमध्ये काचतापमानाजवळ पारा तीन अंशांनी उतरला, की साखळीच्या तुकड्यांची हालचाल जवळजवळ दहापट मंदावते. नेमक्या काचतापमानाला एका तुकड्याला जागा बदलायला मिनिट-दोन मिनिटं लागतात. तिथून वीस-पंचवीस अंश खाली गेलं, की काम वर्षांवर जातं.

एवढं मंद का होतं? जत्रेत परत जाऊ. गर्दी विरळ असेल तर एक पाऊल सरकायला कुणाची परवानगी लागत नाही. गर्दी दाटली की शेजारच्याने अंग चोरल्याशिवाय तुम्हाला हलता येत नाही, आणि त्याला अंग चोरायचं तर त्याच्या शेजाऱ्याने सरकायला हवं. थंड होताना पॉलिमर आक्रसतो, म्हणजे गर्दी दाटते, आणि एकाला हलवण्यासाठी एकदम हलाव्या लागणाऱ्यांचा घोळका मोठा होत जातो. अ‍ॅडम आणि गिब्स यांनी १९६५ मध्ये हा विचार गणितात मांडला. असा घोळका काही नॅनोमीटरचा असतो, असा अंदाज आहे.

अंदाज म्हणतोय, कारण काच का बनते याचा पक्का सिद्धांत आजही कुणाकडे नाही. फिलिप अँडरसन या नोबेलविजेत्या भौतिकशास्त्रज्ञाने १९९५ मध्ये लिहिलं होतं, की घन पदार्थांच्या सिद्धांतातला सर्वांत खोल आणि सर्वांत रंजक न सुटलेला प्रश्न बहुधा हाच असावा.

यातूनच एक साधी शंका निघते. घोळका काही नॅनोमीटरचा असेल, तर मैदानच तेवढं छोटं केल्यावर काय होईल?

१९९४: वीस-पंचवीस अंशांचा धक्का

केंब्रिजमध्ये जोसेफ केडी, रिचर्ड जोन्स आणि रॉबर्ट कोरी यांनी हे करून पाहिलं. सिलिकॉनच्या चकतीवर त्यांनी पॉलिस्टायरीनच्या निरनिराळ्या जाडीच्या फिल्म बसवल्या आणि प्रत्येकीचं काचतापमान मोजलं. शंभर नॅनोमीटरपर्यंत काही विशेष नाही. पण सुमारे ४० नॅनोमीटरच्या खाली काचतापमान घसरू लागलं आणि १० नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये ते तब्बल २५ अंशांनी खाली आलं.

दोन वर्षांनी कॅनडात जेम्स फॉरेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खालचा सिलिकॉनही काढून टाकला. फिल्म अधांतरी, दोन्ही बाजूंना फक्त हवा. आता घसरण ७० नॅनोमीटरपासूनच सुरू झाली आणि २९ नॅनोमीटरच्या फिल्ममध्ये ती ७० अंशांवर गेली. म्हणजे शंभर अंशांपर्यंत कडक राहणारं प्लॅस्टिक तीस अंशांना सैल. नागपूरच्या मे महिन्यात हा पापुद्रा सावलीतही टिकला नसता!

असली फिल्म करतात कशी, मोजतात कशी?

हे प्रयोग करणाऱ्याच्या हाताकडे जरा जवळून पाहण्यासारखं आहे. पॉलिस्टायरीन टोल्युइन या द्रावकात विरघळवतात. आरशासारख्या गुळगुळीत सिलिकॉनवर त्याचे थेंब टाकतात आणि चकती मिनिटाला दोन-तीन हजार फेऱ्यांनी गरगर फिरवतात. बरंचसं द्रावण कडेने उडून जातं, टोल्युइनची वाफ होते आणि मागे सपाट थर उरतो. द्रावण जितकं पातळ आणि फिरकी जितकी वेगवान, तितकी फिल्म पातळ. मग ती निर्वातात, काचतापमानाच्या वरच्या तापमानाला कित्येक तास भाजतात, म्हणजे उरलंसुरलं टोल्युइनही निघून जावं.

फिल्म अधांतरी हवी असेल तर ती सिलिकॉनऐवजी अभ्रकावर किंवा काचेवर बनवतात. पात्याने तिच्या कडा कापतात आणि तुकडा तिरका धरून सावकाश पाण्यात बुडवतात. पाणी फिल्म आणि अभ्रक यांच्या मधे शिरतं, फिल्म सुटते आणि पृष्ठभागावर तरंगत राहते. मग भोक असलेली पट्टी खालून वर आणून ती अलगद उचलतात. हात थरथरला की गेलीच.

मोजमापाची युक्ती अशी. काचतापमानाच्या खाली पॉलिमर तापवला तर कमी फुगतो, वर गेल्यावर जास्त फुगतो. जाडीचा आलेख तापमानासमोर काढला, की रेघेला एका ठिकाणी कोपरा येतो. तो कोपरा म्हणजेच काचतापमान. गंमत अशी, की २० नॅनोमीटरची फिल्म सैल अवस्थेत १० अंशांनी तापवली तर जेमतेम ०.१ नॅनोमीटर फुगते, म्हणजे साधारण एका हायड्रोजन अणूच्या व्यासाइतकी. एलिप्सोमीटर नावाचं यंत्र हे पकडतं. ते फिल्मवर तिरका प्रकाश टाकतं आणि परावर्तित प्रकाशाच्या कंपनांची दिशा किती फिरली यावरून जाडी काढतं. संपूर्ण ठिपक्यावरची सरासरी मिळत असल्यामुळे अणूपेक्षा लहान बदलही कळतो.

दोष कडेचा

पहिला स्वाभाविक तर्क असा, की जागा कमी पडली म्हणून रेणू वेगळे वागू लागले. या विषयाला इंग्रजीत ‘कन्फाइनमेंट’ हे जे नाव पडलं तेही कोंडून ठेवण्यावरूनच. माझ्या मते त्या नावाने बरीच दिशाभूल केली. कोंडलं म्हणून काय होणार, हे नुसत्या जाडीवरून सांगताच येत नाही. कोंडणाऱ्या भिंती कशाच्या आहेत ते आधी विचारावं लागतं.

जत्रेच्या मैदानाची एक बाजू उघड्या माळाला लागून आहे. त्या कडेच्या माणसांना गर्दी एकाच अंगाने रेटते. दुसरं अंग मोकळं, त्यामुळे ती सहज हलतात. ती हलली, की त्यांच्या आतल्या ओळीलाही थोडी जागा होते, तिच्यामुळे तिच्या आतल्या ओळीला. कडेचा सैलपणा असा आत झिरपतो आणि पाच-दहा ओळींनंतर विरून जातो. मैदान अफाट असेल तर या कडेने काही बिघडत नाही. पण मैदान म्हणजे वीसच ओळी असतील, तर अर्धी गर्दी कडेचीच झाली.

दुसऱ्या बाजूला देवळाचा लोखंडी कठडा आहे, आणि लोक त्याला घट्ट धरून उभे आहेत. तिथली माणसं मधल्यांपेक्षाही कमी हलतात. त्यांचे हात धरलेली मागची माणसंही अडकतात.

पॉलिस्टायरीनला सिलिकॉनमध्ये पकडण्यासारखं फारसं काही सापडत नाही, म्हणून तिथे हवेकडची कड जिंकते आणि काचतापमान उतरतं. अ‍ॅक्रिलिकची गोष्ट वेगळी. दुकानांच्या पाट्या बनतात त्या अ‍ॅक्रिलिकच्या साखळीवर ऑक्सिजन असतो आणि सिलिकॉनवर नैसर्गिकरीत्या जमलेल्या ऑक्साइडच्या थराशी तो हायड्रोजन-बंध जुळवतो. हाच कठडा. केडी आणि जोन्स यांच्याच गटाने दाखवून दिलं, की ऑक्साइडवर बसवलेल्या अ‍ॅक्रिलिकचं काचतापमान पातळ होताना वर चढतं आणि सोन्यावर बसवलेल्याचं खाली येतं. पॉलिमर तोच, जाडीही तीच. बदलली ती फक्त खालची भिंत.

भिंतीला धरलेल्या साखळ्यांचा प्रश्न आपल्याकडेही अभ्यासला गेलाय, जरा वेगळ्या दाराने. प्लॅस्टिकचे पाइप किंवा पिशव्यांची फिल्म काढताना वितळलेलं प्लॅस्टिक साच्याच्या तोंडातून दाबून बाहेर ढकलतात. ठरावीक जोरापुढे ते धातूवरून एकदम घसरू लागतं आणि मालावर खरखरीत डाग उमटतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत जोशी, लेले आणि रघुनाथ माशेलकर यांनी २००० साली या घसरण्याचं एकत्रित गणित मांडलं. भिंतीला चिकटलेली साखळी तिथून सुटते, किंवा ती चिकटलेलीच राहते पण बाकीच्या साखळ्यांतला तिचा गुंता सुटतो. या दोन्ही शक्यता त्यांनी एकाच चौकटीत बसवल्या. माशेलकर पुढे प्रशासक म्हणून जास्त ओळखले गेले. त्यांचं मूळ काम या असल्या साखळ्यांवरचं आहे, हे आपण विसरतो.

कड सैल असते, हे कुणी पाहिलंय का?

पाहिलंय. अमेरिकेत क्रिस्टोफर एलिसन आणि जॉन टॉर्केलसन यांनी २००३ मध्ये प्रकाश सोडणारा रेणू जोडलेल्या साखळ्यांचा एक पातळ थर बनवला आणि तो साध्या पॉलिस्टायरीनच्या थरांमध्ये कधी वर, कधी मधे, कधी तळाशी ठेवला. प्रकाशाच्या तीव्रतेवरून फक्त त्या थराचं काचतापमान कळतं. हवेला लागून असलेल्या १४ नॅनोमीटरच्या थराचं काचतापमान ३२ अंशांनी कमी निघालं. मधल्या थरात फरक नव्हता.

मला मात्र त्यापेक्षा २००८ चा प्रयोग जास्त आवडतो, कारण तो शाळकरी मुलालाही कळेल. झाहरा फखराई आणि फॉरेस्ट यांनी पॉलिस्टायरीनवर २० नॅनोमीटरचे सोन्याचे गोळे पेरले, ते थोडे रुतू दिले, आणि मग पाऱ्यात सोनं विरघळवून टाकलं. मागे राहिले खळगे. आता बसून बघायचं, की खळगे किती वेळात भरतात. काचतापमानाच्या कितीतरी खाली, जिथे आतलं पॉलिस्टायरीन दगड झालेलं असतं, तिथेही खळगे भरत होते. घन दिसणाऱ्या प्लॅस्टिकच्या अंगावर काही नॅनोमीटरची वाहती साय असते, असाच याचा अर्थ.

हा सगळा उरलेल्या टोल्युइनचा खेळ नसेल कशावरून?

शंका रास्त आहे आणि ती अनेकांनी घेतली. टोल्युइन अडकून राहिलं असेल, भाजताना साखळ्या तुटल्या असतील, गरगर फिरवताना आलेला ताण फिल्ममध्ये उरला असेल. यातल्या प्रत्येक कारणाने काचतापमान उतरू शकतं, आणि सुरुवातीच्या काही प्रयोगांत अशी भेसळ झालीही असेल.

पण नुसतं टोल्युइन दोषी असतं, तर काचतापमान प्रत्येक वेळी खालीच आलं असतं. द्रावक पॉलिमरला सैल करतो, कडक कधीच करत नाही. ऑक्साइडवरच्या अ‍ॅक्रिलिकमध्ये ते वर चढलं, याचा खुलासा टोल्युइनने होत नाही. खळगे कडेपाशीच भरतात, याचाही होत नाही.

मग काहींना फरकच का दिसला नाही?

हे भांडण जास्त गंभीर. जर्मनीत लाइपझिगला फ्रीडरिश क्रेमर यांच्या गटाने पातळ फिल्मवर उलटसुलट होणारं विद्युतक्षेत्र लावून रेणूंची हालचाल थेट मोजली. काटेकोरपणे भाजलेल्या, स्वच्छ फिल्ममध्ये त्यांना अगदी पातळ जाडीपर्यंत लक्षणीय बदल आढळला नाही. टेक्सासमध्ये पॉल ओ’कॉनेल आणि ग्रेगरी मॅकेना यांनी बारीक भोकांवर फिल्म ताणून तिचे फुगे फुगवले. सुतारकामाच्या पांढऱ्या गोंदात जो पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट असतो, त्याच्या २७.५ नॅनोमीटरच्या फिल्ममध्येही काचतापमान जागचं हललं नव्हतं. वर आणखी एक कोडं: सैल झाल्यावर अतिपातळ फिल्म जाड फिल्मपेक्षा कितीतरी पट ताठ निघाली. याचा सर्वमान्य खुलासा अजून झालेला नाही.

एक बाजू खोटी ठरवायची गरज नाही, असं आता बहुतेकांना वाटतं. प्रत्येक पॉलिमर वेगळा, हे एक. दुसरं कारण अधिक सूक्ष्म आहे. विद्युतक्षेत्राचा प्रयोग सेकंदाला हजारो वेळा प्रश्न विचारतो: ‘आत्ता हललास का?’ एलिप्सोमीटर तासभर तापमान उतरवत सावकाश विचारतो. फखराई आणि फॉरेस्ट यांनी २००५ मध्ये एकच पातळ फिल्म वेगवेगळ्या गतीने थंड केली. मिनिटाला ९० अंशांच्या आसपास गेल्यावर पातळ आणि जाड फिल्ममधला फरक जवळजवळ नाहीसा झाला. सावकाश थंड केल्यावर तो परत उगवला. भराभर विचारल्यावर साखळ्या अजून गरम, सगळ्याच चपळ असतात, त्यामुळे कडेची चपळाई उठून दिसत नाही. सावकाश विचारल्यावर मधले गोठलेले असतात, कडेचे हलत असतात, आणि फरक डोळ्यांत भरतो. दोघांचं मोजमाप बरोबर, प्रश्न निराळे.

एवढं मान्य करूनही फॉरेस्ट यांच्या अधांतरी फिल्मचं एक कोडं उरतं. तिथे साखळी जितकी लांब, तितकी घसरण मोठी. काचतापमान साखळीच्या छोट्या तुकड्यांच्या चुळबुळीवर ठरतं, पूर्ण लांबीवर नव्हे, असं पुस्तकं सांगतात. मग इथे लांबी मधे कशी आली? पिएर-जिल द जेन यांच्यासारख्या नोबेलविजेत्या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञानेही यावर एक कल्पना मांडून पाहिली, पण प्रश्न पुरता मिटला नाही.

फिल्मऐवजी नळीत कोंबलं तर?

आतापर्यंत आपण साखळीच्या तुकड्यांच्या चुळबुळीबद्दल बोललो. अख्खी साखळी एका ठिकाणाहून दुसरीकडे जाते ती वेगळ्याच रीतीने. गुंत्यात तिला आडवं सरकता येत नाही, म्हणून ती सापासारखी स्वतःच्याच लांबीच्या वाटेने पुढे सरते. द जेन यांनी १९७१ मध्ये हे ओळखलं. म्हणूनच वितळलेलं प्लॅस्टिक मधापेक्षाही हट्टी असतं: साखळीची लांबी दुप्पट केली, की त्याचा घट्टपणा दहापटीहून जास्त वाढतो.

अ‍ॅल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइड वाढवलं, तर त्यात एकसारख्या उभ्या नळ्या तयार होतात. अमेरिकेत थॉमस रसेल यांच्या गटाने २००७ मध्ये अशा १५ नॅनोमीटर व्यासाच्या नळ्यांत वितळलेलं पॉलिस्टायरीन शिरू दिलं. मघाचा आकडा आठवा: आपल्या मध्यम साखळीचा गुंतवळा १७-१८ नॅनोमीटरचा, लांब साखळ्यांचा त्याहून मोठा. म्हणजे नळी साखळीपेक्षा अरुंद. अडकून बसायला हवं होतं. लांब साखळ्या प्रत्यक्षात हिशेबापेक्षा लवकर आत शिरल्या.

जत्रेतली साखळी अरुंद गल्लीत शिरली तर तिला गल्लीच्या लांबीत पसरावं लागतं. तिच्या आजूबाजूला आता दुसऱ्या घरांची माणसं कमी, तिच्याच घरची जास्त. परक्या साखळ्यांशी पडणारे गुंते कमी झाले, म्हणून सापाची वाट मोकळी झाली. तुकड्यांची चुळबुळ आणि साखळीचा प्रवास या दोन वेगळ्या हालचाली आहेत आणि एकच भिंत एकीला अडवून दुसरीला मोकळं करू शकते. बातम्यांत ‘नॅनोमध्ये प्लॅस्टिक प्रवाही होतं’ असं सरसकट वाचलं, तर कोणती हालचाल म्हणताय ते विचारायला हवं.

माझ्या पाण्याच्या बाटलीला काही धोका?

काहीच नाही. बाटलीची भिंत पाव मिलिमीटर धरली तरी अडीच लाख नॅनोमीटर होते. दहा-वीस नॅनोमीटरची सैल साय त्यात कुठल्या कुठे. हा सगळा प्रकार घरातल्या वस्तूंच्या नव्हे, तर अतिपातळ थर असलेल्या वस्तूंच्या वाट्याला येतो.

आणि चिपला?

तिथे धोका आहे. सिलिकॉनवर पसरलेल्या ज्या थरात रेघा कोरतात त्याला रेझिस्ट म्हणतात. सर्वांत आधुनिक यंत्रं १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात आणि तिथे रेझिस्ट काही दहा नॅनोमीटरच जाड असतो. प्रकाश पडला तिथे थोडं आम्ल तयार होतं, मग चकती शंभर अंशांच्या आसपास भाजतात, आणि ते आम्ल पॉलिमरमधून भटकत एकामागून एक साखळ्यांची रचना बदलत जातं. आयबीएममध्ये १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला निघालेली ही युक्ती आहे. आम्ल किती दूर भटकेल हे पॉलिमर किती सैल आहे यावर ठरतं. जास्त भटकलं की रेघेची कड पुसट होते. वरचा थर सैल आणि तळाचा घट्ट असेल, तर रेघेची भिंत सरळ उतरत नाही.

रेघ कोरून झाल्यावर चकती धुतात. दोन रेघांमधलं पाणी सुकताना त्यांना एकमेकींकडे ओढतं आणि उंच, अरुंद रेघा कोसळतात. त्यावर उपाय म्हणजे उंची कमी करणं, म्हणजे रेझिस्ट आणखी पातळ करणं, म्हणजे आणखी कडाच कडा. कंपन्या आता साखळ्यांऐवजी टिनच्या ऑक्साइडच्या छोट्या रेणूंचे रेझिस्टही वापरून पाहताहेत, त्यामागे हेही एक कारण आहे.

टायरमध्ये कड आपल्या बाजूने काम करते. रबरात काजळी किंवा सिलिकाचे नॅनोमीटरांत मोजायचे कण मिसळतात. रबराच्या साखळ्या त्या कणांना इतक्या घट्ट धरतात, की कच्चं रबर द्रावकात विरघळवलं तरी काही भाग कणांना चिकटूनच राहतो. हे रबर-कारखानदारांना फार पूर्वीपासून ठाऊक होतं. कणांभोवती जवळजवळ काचेसारखा थर असतो, ही कल्पना नंतरची. तो थर टायरला ताकद देतो आणि रस्त्यावर वाया जाणारी उष्णताही ठरवतो. म्हणून कणाच्या पृष्ठभागावर कोणता रासायनिक लेप द्यायचा, यावर टायरवाले एवढा खर्च करतात.

हवेतून नायट्रोजन किंवा रिफायनरीच्या वायूतून हायड्रोजन वेगळा काढणाऱ्या पडद्यांची तक्रार वेगळी आहे. पॉलिसल्फोनसारख्या काचेरी पॉलिमरचा त्यातला कामाचा थर शंभर नॅनोमीटरच्या आसपास असतो. वायू ज्या रिकाम्या फटींतून जातो, त्या काळाबरोबर बुजत जातात. टेक्सास विद्यापीठात डोनल्ड पॉल यांच्या गटाने दाखवलं, की पातळ पडद्यात हे बुजणं जाड पडद्यापेक्षा कितीतरी लवकर होतं, आणि ४०० नॅनोमीटरच्या फिल्ममध्येही ते स्पष्ट दिसतं. कडेचा प्रभाव काही दहा नॅनोमीटरच आत जात असेल, तर ४०० नॅनोमीटरला तो कसा दिसतो? रिकाम्या फटी आतून सरकत पृष्ठभागाशी येऊन बाहेर पडतात, असं एक उत्तर आहे आणि ते बऱ्याच अंशी पटतं. पण पडदा विकत घेणाऱ्याला त्या उत्तरापेक्षा दुसरंच कळायला हवं: जाड तुकड्यावर मोजलेला आकडा त्याच्या पातळ पडद्याला लागू नाही, आणि पहिल्या दिवशी मोजलेला आकडा वर्षभरानंतर लागू नाही.